साठ टक्क्यांची चाळणी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



पावसाळा सरत आला की इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये एक वेगळाच हंगाम सुरू होतो. शेवटच्या वर्षाची मुलं एकाएकी इस्त्री केलेले शर्ट घालून हिंडू लागतात. होस्टेलच्या एका खोलीत बरा म्हणावा असा एकच टाय असतो, तो चौघांच्या गळ्यातून फिरतो. कोणती कंपनी येणार, किती मुलं घेणार, पॅकेज किती, एवढंच बोलणं चालू असतं. आणि घरून रोज संध्याकाळी आईचा फोन येतो, "झालं का रे काही?"

मी या कॅम्पस इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे, तिच्यासाठी नवीन मुलं निवडण्याचं काम मी वीस-बावीस वर्षं करतो आहे. या विषयावर एरवी मुलांना भरपूर उपदेश होतो. बायोडेटा कसा लिहावा, खुर्चीत कसं बसावं, हात कसा मिळवावा. तो उपदेश मी आज करणार नाही. नोकरी देणाऱ्यांनी काय करावं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मुख्यतः त्याबद्दल बोलतो.

पूर्वी पदवी हातात पडली की मुलगा सेवायोजन कार्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'मध्ये, नाव नोंदवून यायचा. रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवण्याचं बंधन घालणारा कायदा १९५९ सालचा. कार्ड जपून ठेवायचं, वेळोवेळी नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट बघायची. अनेकांची वाट बघण्यातच वयं गेली. त्यामानाने कंपनी आपण होऊन कॉलेजच्या दारात येते ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. पण दारात आलेली कंपनी आत येऊन नक्की काय करते, ते बघण्यासारखं आहे.

साधा हिशेब मांडू. समजा एका कॉलेजात सहाशे मुलांनी अर्ज केले. आम्हाला वीस हवी आहेत. आमची दोन पॅनेल आहेत आणि दिवस एकच. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जेवणाची वेळ सोडून आठ तास. प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटं दिली तर एका पॅनेलच्या बत्तीस मुलाखती होतात, दोन्ही मिळून चौसष्ट. म्हणजे कुणीही तोंड उघडण्याच्या आधी सहाशेची साठ करायला हवीत. पाचशे चाळीस मुलं कमी करायची, तीही लवकर आणि फुकटात. म्हणून मग ती सुप्रसिद्ध अट येते : दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के. एकही केटी बाकी नको. मध्ये वर्ष वाया गेलेलं नको. एक्सेलच्या तक्त्यात चाळणी लावली की दोन मिनिटांत काम होतं.

ही अट घालणारे लोक दुष्ट नसतात. माझे कितीतरी मित्र ती घालतात. त्यांना वेळ नसतो आणि वरून विचारणा झाली तर दाखवायला एक आकडा लागतो, इतकंच. पण या चाळणीतून खाली कोण पडतं ते बघा. दहावीच्या वर्षी ज्याच्या गावात रात्रीची वीजच नव्हती तो पडतो. बारावीच्या परीक्षेच्या आधी ज्याचे वडील आजारी पडले आणि घरातली सगळी धावपळ ज्याच्या अंगावर आली तो पडतो. मराठी माध्यमातून येऊन पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांशी झटापट करणारा, दुसऱ्या वर्षी सावरलेला आणि चौथ्या वर्षी वर्गातला सर्वांत तयार असलेला मुलगाही पडतो, कारण पहिल्या वर्षाची सरासरी त्याच्या पायात साखळीसारखी अडकलेली असते. बावीस वर्षांच्या माणसाला त्याच्या पंधराव्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरून जोखायचं, हा प्रकार आपण लग्न जुळवतानासुद्धा करत नाही.

चाळणीच्या पुढची पायरी म्हणजे अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. आगगाड्या एकमेकींना ओलांडतात, नळ टाकी भरतात आणि दुसरा नळ ती रिकामी करतो. ज्यांनी क्लास लावला त्यांना ही गणितं पाठ असतात. मग गटचर्चा. दहा मुलं गोलाकार बसतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याची चर्चा होते. गटचर्चेत गप्प बसलेली मुलं पुढे कामात मुकी निघतात असा माझा अनुभव अजिबात नाही.

आमच्या कंपनीत तिन्हीकडच्या साठ टक्क्यांची अट नाही. ती काढून टाकायला मला वरिष्ठांशी दोन वर्षं हुज्जत घालावी लागली. त्यांचा प्रश्न रास्त होता. "मग सहाशेची साठ कशी करणार?" त्यावर आम्ही एक उपाय केला, तो सविस्तर सांगतो, कारण तो कुणालाही करता येईल.

आम्ही मुलांना एक कागद देतो. त्यावर एका भागाचं साधं ड्रॉइंग असतं आणि तीन प्रश्न असतात. चाळीस मिनिटांत हातानं उत्तरं लिहायची. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, चालेल. तीनपैकी एक प्रश्न दरवर्षी जवळपास तोच असतो : तुमच्या घरातलं किंवा शेतातलं कुठलंही एक यंत्र घ्या, ते सर्वांत आधी कुठे बिघडतं आणि का, ते लिहा. रात्री मी आणि आमचे दोन सुपरवायझर ते कागद वाचतो. सहाशे कागद, प्रत्येकाला एक मिनिट, तिघांत वाटले की साडेतीन तास. चहा दोनदा होतो.

या एका प्रश्नानं मला जेवढं कळलं आहे तेवढं कुठल्याही टेस्टनं कळलेलं नाही. एकानं मिक्सरबद्दल लिहिलं होतं, की भांड्याखालचा रबराचा कपलर आधी जातो आणि तो जावा हेच बरं, कारण तो गेला नाही तर मोटर जळेल. एकीनं आईच्या शिलाई मशीनबद्दल लिहिलं होतं. धागा सारखा तुटतो तेव्हा आई सुईला दोष देते, पण दोष बॉबिनच्या ताणात असतो, हे तिनं आकृती काढून दाखवलं होतं. शेतातल्या पंपावर तर दरवर्षी शंभरेक उत्तरं येतात. त्यांतली बरीचशी पुस्तकातून आलेली असतात आणि काही थेट विहिरीवरून आलेली असतात. दोन्हींतला फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अलीकडे तर हाताच्या अक्षरातल्या कागदाची किंमत आणखी वाढली आहे. संगणकाकडून लिहून घेतलेले बायोडेटा इतके एकसारखे येतात, की नाव झाकलं तर सहाशेही मुलं सख्खी भावंडं वाटावीत.

असाच कागद लिहून मुलाखतीपर्यंत आलेली एक मुलगी मला नेहमी आठवते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याची, वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. बारावीला सत्तावन्न टक्के. मुलाखतीच्या टेबलावर मी एक तुटलेला शाफ्ट ठेवतो आणि एवढंच विचारतो, "काय दिसतंय?" चांगल्या मार्कांची मुलं लगेच फटिगची व्याख्या म्हणून दाखवतात. हिनं शाफ्ट उचलला, खिडकीजवळ नेला आणि तुटलेल्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग म्हणाली, "सर, हा एका दिवसात नाही तुटलेला. इथे बघा, एवढा भाग गुळगुळीत आहे, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा आहेत. इथून हळूहळू चीर जात होती. हा जो खरखरीत भाग आहे तेवढा शेवटच्या दिवशी तुटला." मी विचारलं, "मग चीर सुरू कुठून झाली?" तिनं चावीच्या खाचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोपरा फार धारदार ठेवलाय." फटिग हा शब्द तिनं उच्चारलाही नाही. माझ्या शेजारचे सुपरवायझर बावीस वर्षं मशीनवर काढलेले गृहस्थ, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

साठ टक्क्यांची अट असती तर ती मुलगी माझ्यासमोर आलीच नसती, आणि ती आली नाही हे मला कधी कळलंही नसतं. चाळणीचा खरा घोटाळा इथे आहे. चुकीचा माणूस घेतला तर ते सहा महिन्यांत दिसतं, त्याबद्दल जाब विचारला जातो. चांगला माणूस गाळला तर त्याची कुठे नोंदच होत नाही.

पण पंधरा मिनिटांच्या मुलाखतीला शेवटी मर्यादा आहेच, मग टेबलावर शाफ्ट ठेवा की सोनं. माणूस कामावर कळतो. आपल्याकडच्या उद्योगाला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६६ मध्ये टेल्कोनं पुण्यात पाऊल टाकलं तेव्हा सुमंत मुळगावकरांनी गाड्या काढायची घाई केली नाही. आधी प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग उभे केले. दहावी-अकरावी झालेली पोरं अप्रेंटिस म्हणून घेतली, त्यांच्या हातात कानस दिली आणि महिनोन्‌महिने लोखंड घासायला लावलं. चिंचवड-भोसरीतल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे मालक त्या आणि तसल्याच प्रशिक्षण विभागांतून तयार झालेले आहेत.

त्याच विचाराचा कायदाही आपल्याकडे आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ सालचा. सुरुवातीला तो मुख्यतः आयटीआयसारख्या कारागिरांसाठी होता. १९७३च्या दुरुस्तीनं पदवी आणि पदविका घेतलेले इंजिनिअर त्यात आले. आता इतर शाखांच्या पदवीधरांनाही घेता येतं. ज्या आस्थापनेत तीस किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिनं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायला हवेत असा नियम आहे. २०१९च्या नियमांनी पदवीधराला किमान नऊ हजार आणि पदविकाधारकाला किमान आठ हजार रुपये स्टायपेंड ठरलं. पदवीधर-पदविकाधारकांच्या या योजनेत त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. एवढी सोय असून कारखानदारांना अप्रेंटिस म्हटलं की सरकारी कटकट आठवते, आणि ज्यांना ती आठवत नाही त्यांतल्या काहींना स्वस्त मजूर आठवतो.

हे दुसरं मी स्पष्टच बोलतो. अप्रेंटिसला कामगारांचे बहुतेक कायदे लागू होत नाहीत. मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचं बंधनही कायद्यानं मालकावर नाही, फक्त त्याबाबतचं आपलं धोरण कंपनीनं ठरवावं असं म्हटलं आहे. याचा फायदा घेऊन वर्षभर पदवीधर मुलाला पॅकिंगच्या टेबलावर उभं करायचं, तो गेला की दुसरा आणायचा, असे प्रकार होतात. अशा ठिकाणी मुलगा शिकत काहीच नाही आणि बायोडेटात एक वर्ष मात्र दिसतं. मुलांनी पहिल्याच आठवड्यात विचारावं : मला कुठल्या कुठल्या विभागात फिरवणार, शिकवणार कोण, आणि गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसपैकी किती जण इथेच लागले? उत्तर देताना समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला तर काय ते समजून घ्यावं.

अलीकडे इंटर्नशिपवर सरकारनंही जोर दिला आहे. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. देशातल्या बड्या पाचशे कंपन्यांत वर्षभर काम, महिना पाच हजार आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार रुपये, असं तेव्हा ठरलं होतं. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक जागा जाहीर झाल्या आणि ब्याऐंशी हजारांवर मुलांना बोलावणं गेलं. त्यांतल्या अठ्ठावीस हजारांनी होकार दिला आणि प्रत्यक्षात नऊ हजारांहून कमी रुजू झाली. संसदेत सांगितलेल्या कारणांत लांबचं ठिकाण हे एक प्रमुख कारण होतं. ज्यानं पुण्यात कॉट बेसिसवर खोली शोधली आहे आणि मेसचे पैसे भरले आहेत, त्याला ही आकडेवारी समजावून सांगावी लागणार नाही. पाच हजारांत चाकणला राहून जेवायचं कसं? म्हणजे मग ज्याच्या घरून महिन्याला आणखी सात-आठ हजार येतात तोच इंटर्नशिप करू शकतो. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार असं विद्यावेतन होतं, आणि बरंचसं काम घराजवळच्या कार्यालयात होतं. तिकडे मुलं मोठ्या संख्येनं गेली. तिथली अडचण निराळी निघाली. सहा महिने, मग वाढवून अकरा महिने, आणि त्यानंतर काय असा प्रश्न घेऊन ही मुलं आंदोलनाला बसली.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता साध्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. कल्पना उत्तम. पण एका गावातल्या चारशे मुलांना एकाच सत्रात अनुभव कोण देणार? मग पैसे भरून घरबसल्या मिळणारी सर्टिफिकेटं येतात. मला ती दिसतात. रंगीत असतात, कडेला सोनेरी नक्षी असते. अशा वेळी मी सर्टिफिकेट बाजूला ठेवून साधी चौकशी करतो. सकाळी किती वाजता जायचास? शेजारी कोण बसायचं? तुझ्या हातून पहिल्यांदा काय बिघडलं? ज्यानं खरोखर काम केलं आहे त्याचा चेहरा या शेवटच्या प्रश्नाला खुलतो. गावातल्या चार्टर्ड अकाउंटंटकडे दोन महिने व्हाउचर लावलेली मुलगी, पतसंस्थेत पासबुकं भरलेला मुलगा, मामाच्या गॅरेजमध्ये स्पेअरचा हिशेब ठेवणारा, यांचा अनुभव कुठल्याही सोनेरी कागदाहून भारी असतो. दुर्दैवानं तो ते बायोडेटात लिहीतच नाहीत. त्यांना वाटतं, हे काय सांगायचं.

आता निवड झाल्यानंतरचं. इथे मुलांवर जो अन्याय होतो तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो. एका कंपनीत निवड झाली की पुढच्या कंपन्यांसमोर बसायचं नाही, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळते. नियम न्यायाचा आहे. पण त्यात कंपनी दिलेला शब्द वेळेवर पाळेल असं गृहीत धरलेलं आहे. सप्टेंबरात ऑफर लेटर मिळतं, पेढे वाटले जातात, जूनमध्ये पदवी हातात येते आणि रुजू होण्याची तारीख मात्र येत नाही. जुलै जातो, दिवाळी जाते. २००८-०९च्या मंदीत हे झालं होतं. पुढे २०२२ मध्ये इन्फोसिसनं निवडलेल्या मुलांपैकी काहींना रुजू व्हायला दोन वर्षांपर्यंत वाट बघावी लागली. एवढं थांबून आत गेलेल्यांपैकी काहींवर फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून परत जाण्याची वेळ आली. तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुण्यातल्या कर्मचारी संघटनेनं केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. कोण किती बरोबर याचा निवाडा मी करत नाही. पण त्या मुलाच्या बाजूनं कॅलेंडर लावून बघा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. बँकेचं घड्याळ चालू आहे आणि कंपनीचं बंद आहे. कॉलेजचा नियम पाळून त्यानं बाकीच्या कंपन्या सोडल्या. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात नवी बॅच बसली आहे, तिच्यात त्याला जागा नाही. आणि इतर कंपन्या त्याच्या बायोडेटावर बोट ठेवून विचारतात, "हे एक वर्ष काय करत होतास?"

यावर उपाय अवघड नाही. ऑफर लेटरमध्ये रुजू होण्याची अखेरची तारीख लिहावी. ती टळली तर कॉलेजनं त्या मुलाला मोकळं समजावं आणि पुढच्या बॅचबरोबर बसू द्यावं. प्लेसमेंट ऑफिसरांना मी हे दरवर्षी सांगतो. काहींनी ते सुरू केलं आहे. काही म्हणतात, सर, मोठी कंपनी नाराज होईल. त्यांच्या नोकरीवरही कॉलेजच्या जाहिरातीतल्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं ओझं असतं, हेही खरं.

त्या पेढ्यांच्या दिवशी पॅकेज नावाचा जो आकडा घरी सांगितला जातो, त्याबद्दल आईवडिलांसाठी दोन शब्द. मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नवख्याचं सर्वसाधारण पॅकेज दहा-पंधरा वर्षं तीन ते चार लाखांच्या आसपासच घुटमळतं आहे. धरून चला तीन लाख साठ हजार. घरी वाटतं, महिना तीस हजार. त्यात मूळ पगार पंधरा हजार धरा. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा अठराशे त्यातच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सातशेवीस असतात, जे हाती यायला कायम नोकरीत सहसा पाच वर्षं काढावी लागतात. कामगिरीवर अवलंबून असलेले दहा टक्के, म्हणजे तीन हजार, ते वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. उरले साडेचोवीस हजारांच्या आत-बाहेर. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा हिस्सा अठराशे आणि व्यवसाय कर दोनशे गेला, की हातात साडेबावीस हजार पडतात. म्हणून ऑफर आली की पॅकेजऐवजी 'हातात किती पडणार' एवढं विचारायला मुलाला सांगा. विचारल्यानं नोकरी जात नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागायला संकोच करू नये.

बाँडचा प्रश्न मला हमखास विचारला जातो. दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके पैसे भरीन, असं लिहून घेतात. बाँड मुळातच बेकायदा असतो हा समज चुकीचा आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका बँकेनं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये वैध ठरवली. म्हणून सही करण्याआधी वाचा. रक्कम किती, मुदत किती, आणि कंपनी खरोखर काही शिकवणार आहे का, ते बघा. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. आणि नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कुठल्याही नावाखाली जो तुमच्याकडे पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हे. मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह छापलेलं बनावट ऑफर लेटर घेऊन आमच्या गेटवर आलेली मुलं मी पाहिली आहेत. वडिलांनी बैलजोडी विकून पैसे भरलेले असतात. वॉचमनलासुद्धा त्यांना परत पाठवायला जड जातं.

शेवटी लहान उद्योजकांशी बोलायचं आहे. सांगली-कोल्हापूर, अहिल्यानगर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही एमआयडीसीत जा, "पोरं मिळत नाहीत" ही तक्रार ऐकायला मिळते. आणि तिथून दहा किलोमीटरवरच्या कॉलेजात "कंपन्या येत नाहीत" ही तक्रार असते. दोघंही एकाच रस्त्यावरून रोज जातात. कॉलेजच्या यादीत तुमच्या पंचवीस माणसांच्या वर्कशॉपचं नाव नसतं, आणि तुम्हाला वाटतं इंजिनिअर आपल्याकडे कशाला येईल. तुमच्यासारख्याच एका मालकाची पद्धत सांगतो. ते डिसेंबरात जवळच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांना फोन करतात आणि तिसऱ्या वर्षाची चार मुलं मागतात. शनिवारी यायचं, जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण मालकाचं. त्यांच्या ओळखीचे म्हणून किंवा पहिल्या नंबराचे म्हणून पाठवू नका, ज्यांना यायचंय त्यांना पाठवा, एवढी एकच अट. चार शनिवारांत त्यांतली दोन मुलं यायची थांबतात. उरलेल्या दोघांना ते उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टायपेंडवर ठेवतात. एकाला लेथवरच्या काकांच्या हाताखाली, दुसऱ्याला तपासणीच्या टेबलावर. पुढल्या वर्षी परीक्षा झाली की दोघांपैकी जो राहायला तयार असेल त्याला अप्रेंटिस म्हणून घेतात आणि वर्षअखेरीला कायम करतात. त्यांच्याकडे आज सहा इंजिनिअर आहेत, सगळे याच वाटेनं आलेले. त्यांनी आजवर एकही जाहिरात दिलेली नाही.

त्यांना मी एकदा विचारलं, मुलांचे मार्क बघता की नाही? ते म्हणाले, "बघतो की. कायम करायच्या दिवशी फाइलला लावायला गुणपत्रिका मागतो, तेव्हा बघतो."